राखी आणि साधा

नाते जितके जवळचे, तितके दोघांना वेगळे ओळखणे अवघड. कावळा आणि पोपट यांची गल्लत कोणी करत नाही. पण एकाच कुळातले, एकाच मापाचे, एकाच काठावर किडे टिपणारे दोन पक्षी समोर आले की नुसते डोळे पुरत नाहीत. अशा वेळी पाहणाऱ्याला आपला प्रश्न बदलावा लागतो. हे दिसतात कसे, हे विचारून झाल्यावर हे राहतात कसे, असे विचारावे लागते. जवळच्या दोन जातींमधला खरा भेद त्यांच्या राहण्यात असतो, आणि म्हणून तो भेद टिकायचा तर त्यांच्या राहण्याची जागा टिकावी लागते. मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. त्यासाठी पुण्याजवळच्या दापोडीच्या नदीकाठचे दोन वटवटे पुरेसे आहेत: राखी वटवट्या आणि साधा वटवट्या.

दापोडी म्हटले की कोणाला एस.टी.ची कार्यशाळा आठवते, कोणाला लोकलचे स्टेशन, कोणाला सी.एम.ई. या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मोठा परिसर, कोणाला बोपोडीकडे जाणारा हॅरिस पूल. २०२३ च्या ऑगस्टपासून मेट्रोही इथे थांबू लागली. या सगळ्याच्या खालून नदी जाते. पवना इथेच मुळेला मिळते आणि मग मुळा खडकीच्या अंगाने मुठेच्या संगमाकडे निघते. अशा नदीच्या काठाला सरळ रेघ नसते. पाण्यालगत चिखल असतो, त्यात पाणकणीस आणि लव्हाळे. थोडे वर पुरुषभर उंचीचे गवत आणि बेशरमीची बेटे. त्याहून वर घाणेरी, एरंड, सुबाभूळ, बाभूळ. आणि शेवटी घरांच्या कुंपणावरची जास्वंद, मेंदी आणि वेल. चालत गेले तर हे सगळे काही पावलांत संपते. दहा ग्रॅमही वजन नसलेल्या पक्ष्याला मात्र एवढ्या उतारावर वेगवेगळे मुलूख सापडतात.

आधी रूप पाहू, कारण सुरुवात तिथूनच होते. दोघेही सुमारे तेरा सेंटिमीटर लांब, आणि त्यातला मोठा वाटा शेपटीचा. शेपटी पायरीपायरीची: मधली पिसे लांब, बाजूची आखूड होत गेलेली. पंख आखूड आणि गोल, त्यामुळे दोघांचेही उडणे कष्टाचे. एका झुडपातून उठायचे, शेपटी झटकत थोडे अंतर कापायचे आणि दुसऱ्या झुडपात शिरायचे. दोघेही शेपटी उभारून ती डावीउजवीकडे हलवत बसतात. दोघेही किडे, अळ्या, कोळी टिपतात. नर-मादी दिसायला जवळपास सारखे.

फरक रंगाचा. राखी वटवट्याचे डोके आणि पाठ राखाडी, पोटाकडे तांबूस-पिवळसर झाक, पंखांवर तांबूस तपकिरी. डोळ्यावर पांढरी भुवई नाही, त्यामुळे चेहरा एकसंध गडद दिसतो. साध्या वटवट्याची पाठ फिकट तपकिरी, पोट मळकट पांढरे, आणि डोळ्यावर फिकी भुवई. दोघे शेजारी बसले तर लहान मूलही वेगळे सांगेल. पण ते शेजारी क्वचितच बसतात. पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडात, गवताच्या आड, पाठ फिरवून बसलेला एकटा पक्षी दिसतो आणि ‘वटवट्या आहे’ इतकेच ठरते. शिवाय साधा वटवट्या ऋतूप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात त्याचा रंग अधिक पिंगट होतो आणि शेपटी पावसाळ्यातल्यापेक्षा लांब असते. आपल्याकडचा राखी मात्र वर्षभर जवळपास तसाच राहतो. उत्तर भारतात त्याच्याच जातीची जी उपजात आहे ती ऋतूनुसार रूप बदलते. म्हणजे रंगावर विसंबायचे तर महिना कोणता आणि प्रदेश कोणता, हेही सांगावे लागते.

या दोघांना शास्त्रात प्रथम वेगळे केले गेले ते रंगावरूनच, आणि त्याची हकीकत दापोडीच्या शेजारी घडते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांच्या नावाने उभारलेली, पण फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची पलटण त्या दिवशी दापोडीच्या छावणीतून निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. त्या लढाईत कंपनीच्या फौजेत विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी होता. पुढे १८२४ मध्ये मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. गावे, पिके, माणसे, हवामान यांची मोजणी करता करता साइक्सने पक्षी, प्राणी आणि मासेही जमवले. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. मुळेच्या काठावर आजही ध्यान लावून बसणारी ढोकरी शास्त्राला माहीत झाली ती त्या यादीतून. आणि आपले दोन्ही वटवटेही त्याच यादीतून: राखी म्हणजे प्रिनिया सोशालिस, साधा म्हणजे प्रिनिया इनॉर्नाटा. दोघांच्याही शास्त्रीय नावापुढे आजही ‘साइक्स, १८३२’ असे लिहितात, आणि दोघांचेही मूळ स्थान म्हणून ‘दख्खन’ हीच नोंद आहे.

त्याच सुमारास दापोडीत दुसरी मोजणी सुरू होत होती. फोर्डचा बंगला सरकारने विकत घेतला, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम तिथे राहू लागला, आणि त्या आवारात सरकारी वनस्पती-बाग उभी राहिली. १८३८ पासून ॲलेक्झांडर गिब्सन तिचा अधीक्षक होता. त्याने एका भारतीय चित्रकाराकडून झाडांची जी चित्रे काढून घेतली ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात आहेत. दख्खनचा निसर्ग नावानिशी नोंदण्याच्या कामात दापोडीचा असा जुना वाटा आहे, आणि इथे राहणाऱ्यांनी तो आवर्जून लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते.

साइक्सच्या पद्धतीला मात्र एक मर्यादा होती, आणि ती त्या काळाचीच होती. पक्षी मारायचा, कातडे भरायचे, मोजायचे, रंग लिहायचा. कातड्यावर रंग राहतो, चोच राहते, शेपटीची पिसे मोजता येतात. आवाज राहत नाही. पक्षी कुठल्या उंचीवर बसला होता, घरटे कशाचे बांधतो, हेही राहत नाही. त्या अपुऱ्या साधनांनीही त्याने दोघांना अचूक वेगळे केले, हे त्याचे मोठेपण. त्यापुढचा भेद मात्र जिवंत पक्ष्यांपाशी थांबून ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांना सापडला.

ऐकण्याचे महत्त्व किती, याचा जुना दाखला इंग्लंडमधला आहे. सेलबोर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने १७६८ मध्ये, लोक एकच समजत असलेल्या हिरवट-पिवळ्या चिमुकल्या पक्ष्यांत तीन वेगळ्या जाती आहेत, असे ठामपणे लिहिले. तिघांची गाणी वेगळी आहेत हे त्याने आधी कानांनी टिपले होते. आज आपण त्यांना तीन स्वतंत्र जाती म्हणूनच ओळखतो.

दापोडीच्या काठावरही पावसाच्या पहिल्या सरींनंतर कान लावून उभे राहिले तर दोघे वटवटे नावानिशी वेगळे होतात. राखी झुडपाच्या शेंड्यावर, उघड्यावर बसतो आणि ‘जिमी-जिमी-जिमी’ असे ठसक्यात, प्रत्येक अक्षर सुटे करून गातो. मध्येच ‘टी-टी-टी’ असा नाकातला स्वर काढतो. उडताना त्याच्याकडून एक कोरडा तडतड आवाज येतो. तो पंखांचा असावा असे बहुतेकांचे मत. चोचीचा असावा असेही एका अभ्यासकाने सुचवले आहे. साध्याचे गाणे घाईचे आणि एकसुरी: ‘टिक्-टिक्-टिक्-टिक्’ अशी न तुटणारी माळ, जिच्यात स्वर कमी आणि खडखड जास्त. गवतातून ती ऐकू आली की पुष्कळांना ती कीटकाचीच वाटते. गाणारा पक्षी गवताच्या ताटावर, ते वाऱ्याने हलत असताना, पाय रोवून बसलेला असतो.

गाणे हे या पक्ष्यांना आपापसांत ओळखण्याचे पहिले साधन आहे. मादी नराची निवड करते ती गाणे ऐकून, आणि शेजारचा नर हद्द सोडतो तोही गाणे ऐकून. राखीच्या गाण्याकडे साध्याची मादी फिरकत नाही. आपल्या डोळ्यांना जो फरक बारीक वाटतो तो त्यांच्या कानांना मोठा असतो. जाती वेगळ्या राहतात त्या अशा रोजच्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या निवडीतून.

गाण्याच्या पुढची पायरी घरट्याची. इथे दोघांचे हात पूर्ण वेगळे पडतात. राखी वटवट्या शिंपी पक्ष्याच्या कुळातला, आणि ते नाते त्याच्या घरट्यात दिसते. झुडपातली रुंद पाने कोळिष्टके आणि तंतूंनी एकमेकांना शिवून त्यांच्या आत तो मऊ वाटी करतो. कधी पाने न घेता गवताची पिशवीही बांधतो. त्याच्या घरट्यांचे दोन-तीन प्रकार नोंदले गेले आहेत. साधा वटवट्या त्याच कुळातला असूनही शिवणकामाच्या वाटेला जात नाही. हिरव्या गवताच्या अगदी बारीक चिरफळ्या काढून तो उभ्या ताटांमध्ये लांबट घरटे विणतो, दार वरच्या बाजूला ठेवतो. ताजे असताना ते घरटे गवताच्याच रंगाचे असते, आणि गवत वाळत जाते तसे तेही वाळत पिवळे होते. एकाला रुंद पानांचे झुडूप हवे, दुसऱ्याला उभे दाट गवत. कच्चा माल बदलला की पत्ता बदलतो.

आणि घरट्याच्या आत सर्वांत मोठे आश्चर्य आहे. राखीची अंडी विटकरी ते गडद तांबूस, चकचकीत, जवळजवळ एकरंगी. रुंद टोकाला फार तर एक गडद पट्टा. साध्याची अंडी फिकट निळसर-हिरवी, त्यांवर तपकिरी डाग आणि केसासारख्या बारीक, गुंतागुंतीच्या रेघा. बांध्यात एवढे साम्य असणाऱ्या दोघांच्या अंड्यांत एवढी तफावत! काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्या परिचयाचे असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे भारतीय पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. देशभरच्या निरीक्षकांकडून घरट्यांच्या आणि अंड्यांच्या नोंदी मागवून त्यांनी १८७३ मध्ये त्यांवरचे पुस्तक काढले. साइक्सच्या कातड्यांमधून निसटलेली माहिती अशा नोंदींतून हाती येत गेली.

अंड्यांवरच्या रेघांना अर्थ असू शकतो, हे साध्या वटवट्याच्या आफ्रिकेतल्या भावंडाने दाखवले. प्रिनिया सबफ्लावा ही ती जात. विसाव्या शतकात बराच काळ आपला साधा वटवट्या तिच्यातच धरला जात असे. आता दोन्ही जाती स्वतंत्र मानतात. झांबियात क्लेअर स्पॉटिसवूड आणि मार्टिन स्टीव्हन्स यांनी केलेले संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे एक परभृत पक्षी या वटवट्याच्या घरट्यात आपले अंडे घालून जातो. प्रत्येक वटवट्या मादीच्या अंड्यांचा रंग आणि नक्षी तिची स्वतःची असते. आपल्या नक्षीशी न जुळणारे अंडे ओळखून ती ते बाहेर टाकते. आपल्याकडेही पावसाबरोबर येणारी कारुण्य कोकिळा वटवट्यांच्या घरट्यांत अंडी घालते. म्हणजे दोन जातींमधला भेद सोबत्यांपुरता राहत नाही. त्यांच्या शत्रूंशीही त्याचा संबंध असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो अशा झटापटीतून कोरला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच मापाचे, एकच अन्न खाणारे दोघे एका काठावर राहतातच कसे? मॉस्कोचा गॉझे नावाचा तरुण शास्त्रज्ञ १९३४ मध्ये छापलेल्या पुस्तकात एक प्रयोग सांगतो. पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जवळच्या जाती त्याने एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तेव्हा दोन्ही छान वाढल्या. एकत्र ठेवल्या तेव्हा एक टिकली आणि दुसरी संपली. नळीत आडोसा नव्हता, वर-खाली असा भेद नव्हता, सगळीकडे सारखेच पाणी. जागा एकसारखी असली की जवळच्या दोघांपैकी एकाला जावे लागते.

याची दुसरी बाजू १९५८ मध्ये रॉबर्ट मॅकार्थर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवली. ईशान्य अमेरिकेतल्या सूचिपर्णी झाडांवर पाच जवळच्या जातींचे किडेखाऊ पक्षी एकत्र दिसत. मॅकार्थरने झाडाचे भाग पाडले, वरचा-खालचा, आतला-बाहेरचा, आणि कोणता पक्षी कुठे किती वेळ घालवतो ते मोजले. प्रत्येक जातीचा भर वेगळ्या भागावर होता. एकच झाड त्या पाचांसाठी पाच ठिकाणे होते.

दापोडीच्या काठावर हेच चालते. राखीचा ओढा झुडपांकडे, कुंपणांकडे, बागांकडे. साध्याचा उंच गवताकडे, पाणकणसाकडे, आणि शहराबाहेर उसाच्या व बाजरीच्या उभ्या पिकाकडे. एका वाड्यात दोन भावांच्या दोन चुली असतात, तसा हा संसार. अंगण सामाईक, येणे-जाणे सामाईक, पण चुली स्वतंत्र. ही वाटणी काटेकोर सीमेची नाही हेही नीट ध्यानात घ्यावे. राखी गवतात उतरतो, साधा झुडपात चढतो, हिवाळ्यात दोघे एकाच बेशरमीच्या बेटात सापडू शकतात. कसोटी लागते ती विणीच्या काळात, जून ते सप्टेंबरच्या सुमारास, जेव्हा घरट्याला आधार, पिलांना अन्न आणि गायला उंचवटा हे सगळे एका लहान हद्दीत मिळावे लागते. त्या महिन्यांत ज्याला जे लागते ते जवळ असेल तरच तो तिथे नांदतो.

इथून पुढचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काठ नीटनेटका करायचा म्हटले की आपण काय करतो? पाणकणीस आणि गवत काढतो, उतार दगडाने किंवा काँक्रीटने बांधून घेतो, वर हिरवळ आणि शोभेची झुडपे लावतो. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०२२ मध्ये झाले, आणि पिंपरी-चिंचवडही आपल्या नद्यांच्या काठांची आखणी करत आहे. नदीकाठी लोकांना चालता यावे, बसता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण झुडपे लावून काठ हिरवा राहिला आणि गवताचा पट्टा गेला, तर नेमके काय होईल? राखी वटवट्या बहुधा राहील. त्याला कुंपण, बाग, रुंद पानांचे झुडूप पुरते. तो तिथे पाने शिवील आणि शेंड्यावर बसून गाईल. साध्या वटवट्याची मात्र विणायची गवताची ताटे गेलेली असतील, गाण्याचा उंचवटा गेलेला असेल, पिलांचे किडे ज्या ओल्या गवतात वाढतात ते गेलेले असेल. काठाचा उतार गॉझेच्या नळीसारखा एकसारखा झाला की दोघांपैकी एकालाच जागा उरते.

आणि हे कोणाच्या लक्षात येणार नाही. सकाळी फिरायला येणारा माणूस वटवट्याचे गाणे ऐकेल आणि पक्षी आहेत म्हणून समाधानाने पुढे जाईल. त्याचे समाधान खोटे नाही, कारण वटवट्या खरोखरच गात असेल. पण दोघांचे गाणे वेगळे ओळखणाऱ्यालाच कळेल की ‘जिमी-जिमी’ ऐकू येते आहे आणि ‘टिक्-टिक्’ची माळ थांबली आहे. पक्षी मोजताना ‘वटवट्या: उपस्थित’ एवढीच नोंद केली तर एका जातीचे जाणे त्या नोंदीत कधीच उमटणार नाही. दोघांना वेगळे ओळखण्याचे काम हौसेचे वाटते, पण नदीची तब्येत कळायची असेल तर ते प्राथमिक आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी आग्रहाने मागता येतील. काठाच्या आखणीत पाणकणीस, लव्हाळे आणि उंच गवत यांचा सलग पट्टा पाण्यालगत राखावा. तो मोठा असण्याची गरज नाही, पण तुटक नसावा. गवत कापायचेच असेल तर विणीचे महिने टाळून, पावसाळा सरल्यावर, टप्प्याटप्प्याने कापावे. झुडपांची रांग आणि गवताचा पट्टा हे दोन्ही राहिले तर दोघांची घरे राहतील. आणि दापोडी, फुगेवाडी, सांगवी, बोपोडी इथल्या शाळांतल्या मुलांना जूनच्या पहिल्या पावसानंतर काठावर नेऊन ही दोन गाणी ऐकवावीत. रंग पाहण्याआधी आवाज ओळखायला शिकलेली मुले पुढे प्रत्येक नोंद जातीनिशी करतील.

साइक्सने १८३२ मध्ये दोघांना दोन ओळींत वेगळे लिहिले तेव्हा त्याच्यापुढे कातडी होती. आज दोघेही जिवंत, गाणारे, आपापली घरे बांधणारे आपल्यापुढे आहेत आणि ते कसे राहतात हे आपल्याला ठाऊक आहे. एवढे ठाऊक असल्यावर जबाबदारीही येते. भेद ओळखणे हे निम्मे काम. ज्या गवतामुळे आणि झुडपामुळे तो भेद शक्य झाला, ती दोन्ही काठावर राहू देणे हे उरलेले निम्मे. ते महापालिकेच्या आराखड्यात दोन रेघांनी दाखवता येण्याइतके सोपे आहे, आणि म्हणूनच ते व्हायला हवे.